शेडचा उतार

देवगडजवळच्या त्या शेडमध्ये सीझनला हापूसच्या पेट्या भरतात. पावसाळ्यात ती रिकामी, म्हणून आम्हाला स्वस्तात मिळाली. पत्र्यावरचा पाऊस साउंडवाल्याच्या नशिबी. मागे हिरवा कपडा, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा आणि हिरव्याच्या जागी दिसायला अनरियल या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभं केलेलं जांभ्याचं अंगण, पलीकडे समुद्र. दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, करणारे अण्णा त्या अंगणात फिरत स्वगत म्हणणार होते. खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल सॉफ्टवेअरला कळवणाऱ्या ट्रॅकरचं बजेट नव्हतं. खरा कॅमेरा हलवायचा नाही आणि सॉफ्टवेअरमधला आभासी कॅमेरा आकडे भरून नेमका त्याच्या जागी बसवायचा, एवढंच.

आकडे मोजकेच असतात: लेन्सची जमिनीपासून उंची, खालचा झुकाव, फोकल लेंथ, सेन्सरची रुंदी. अनरियल सेंटिमीटरमध्ये मोजतं, म्हणून टेपवरचे १४२ तसेच झेडमध्ये, म्हणजे उंचीच्या रकान्यात. उंची लेन्सच्या मध्यापासून घ्यायची, ट्रायपॉडच्या डोक्यापासून नाही. झुकाव लेव्हल लावून घेतला. सगळं चोख.

अण्णा मागे गेले आणि घोट्यापर्यंत जांभ्यात बुडाले. मॉनिटरकडे बघून म्हणाले, "अरे झिला, माझे पाय खंय गेले?"

पुण्याहून फोनवर असलेल्या आमच्या सीनियरचं उत्तर ठरलेलं: "झेड वाढव." वाढवला. मागे पाय बसले, पण अण्णा पुढे आले की हवेत तरंगायला लागले. मग "थोडा कमी कर", मग झुकावाबद्दल "पिच बघ जरा". हे लोक आकडा रेडिओच्या बटणासारखा फिरवतात. उंचीच्या चुकीने पाय सगळीकडे सारखेच चुकतात. इथे अंतराबरोबर चूक वाढत होती, म्हणजे घोळ कोनाचा. पण लेव्हल तर बरोबर दाखवत होती.

शेड धुणारे काका दारात बिडी ओढत बघत होते. ते म्हणाले, "लादी उताराची हा. धुतलेला पाणी गटाराक जावक नको?"

गवंड्याकडून पातळी काढायची पाण्याची नळी मागवली. ट्रायपॉडपासून चार मीटरवर जमीन आठ सेंटिमीटर खाली. साधारण १.१५ अंश. माझी लेव्हल झुकाव क्षितिजाशी मोजत होती आणि अण्णांचे पाय लादीवर होते. सॉफ्टवेअरमधली जमीन मात्र अगदी सपाट.

आता दोन वाटा. कॅमेऱ्याचा झुकाव तेवढा कमी करायचा, तर पाय बसतात, पण समुद्राची रेघ फ्रेममध्ये खाली सरकते आणि दिग्दर्शकाला ती अण्णांच्या खांद्याशीच हवी होती. मी झेड पुन्हा १४२ केला, कॅमेऱ्याला हातच लावला नाही. अंगण वेगळ्या ग्रुपमध्ये घेतलं, फिरवण्याचा बिंदू ट्रायपॉडच्या खाली ठेवला आणि तेवढंच समुद्राकडे कलवलं. कोकणात अंगणाला उतार नसेल तर पहिल्याच पावसात पाणी घरात, त्यामुळे ते कुणाला खटकलंही नाही. अण्णा पुढे-मागे फिरले, पाय जागेवर.

सीनियरना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते सेट वाकवणं म्हणजे जुगाड, दुरुस्ती कॅमेऱ्यातच हवी. सेट दुसऱ्या जागी वापरायचा झाला तर त्यांचं खरं ठरेल, हे मलाही कळतं. पुढचं शूट त्याच शेडमध्ये आहे, या वेळी ट्रॅकर लावून. शून्याची खूण, म्हणजे सॉफ्टवेअर जिथून अंतरं मोजतं तो बिंदू, ट्रायपॉडपाशी करायची की अण्णांच्या मार्कपाशी आणि ट्रॅकरला "जमीन" म्हणून लादी दाखवायची की क्षितिज, यावर आमचे फोन अजून चालूच आहेत.