‘पायऱ्या’ दिसेनात

निवृत्तीनंतर किल्ल्यांचे फोटो काढणाऱ्या एका सरांचं स्वतःचं छोटं वेब पान आहे. त्यावर हरिहर गडाचे २७ फोटो त्यांनी चढवले आणि सकाळी फोन आला, “चार फोटो दिसत नाहीत हो. फाइल जागेवर आहे, नाव बरोबर आहे, मी अक्षर न् अक्षर तपासलंय.”

फोटो दिसत नसला की मी पानाच्या कोडकडे नंतर जातो. आधी ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडायचा, इमेज हा फिल्टर लावायचा आणि पान पुन्हा लोड करायचं. प्रत्येक फोटोसमोर एक आकडा येतो. ४०३ आला तर फाइल आहे, पण वाचायची परवानगी नाही. बहुतेक ठिकाणी फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ हा परवानगीचा आकडा दिला की काम होतं. २०० येऊनही चौकट रिकामीच राहिली तर फाइलचा प्रकार बघायचा, कारण आयफोनमधून आलेले एचईआयसी फोटो क्रोम दाखवत नाही, ते जेपीजी करूनच चढवावे लागतात. ४०४ म्हणजे त्या नावाची फाइल त्या जागी नाही. सरांच्या चारही फोटोंना ४०४ होता.

चौथ्याचं कारण मिनिटात सापडलं. पाण्याच्या टाक्याचा तो फोटो थेट कॅमेऱ्यातून आला होता, त्यामुळे नावाच्या शेवटी जेपीजी ही अक्षरं कॅपिटलमध्ये होती आणि पानात ती स्मॉलमध्ये लिहिलेली. विंडोजला हा फरक एरवी जाणवत नाही. सर्व्हर बहुतेक लिनक्सचे असतात आणि लिनक्सच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फाइली.

उरलेल्या तिघांनी मात्र दुपारपर्यंत बसवून ठेवलं. नावं होती ‘हरिहर-पायऱ्या’, ‘दऱ्या-धुक्यातल्या’ आणि ‘कोपऱ्यातली-देवडी’. हायफनच्या जागी लांब डॅश पडलाय का, नावाच्या शेवटी रिकामी जागा राहिलीय का, फोल्डरचा मार्ग चुकलाय का, सगळं पाहिलं. काही नाही. मराठी नावंच सर्व्हरला झेपत नसतील म्हणावं, तर ‘हरिहर-दरवाजा’ व्यवस्थित दिसत होता. मग फाइल मॅनेजरमधून नाव कॉपी करून अ‍ॅड्रेस बारमध्ये चिकटवलं, तर फोटो उघडला! तेच नाव पानातून उचलून चिकटवलं, तर ४०४. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी.

तीन नावांत समान काय, हे तेव्हा डोळ्यांत भरलं. तिन्हींत ‘ऱ्या’ होता.

दोन्ही पत्ते क्रोमच्या अ‍ॅड्रेस बारमधून कॉपी करून नोटपॅडमध्ये एकाखाली एक ठेवले. असा कॉपी केलेला पत्ता टक्क्याच्या चिन्हांनी भरलेला येतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरं जागा खातं: टक्का आणि त्यापुढे दोन अक्षरांचा एक बाइट, असं तीनदा. सर्व्हरवरच्या फाइलचा पत्ता बरोबर नऊ अक्षरांनी लांब होता. पानातल्या नावात होतं ई० ए४ बी१, म्हणजे ऱ, आणि पुढे हलन्त. फाइलच्या नावात त्याच जागी ई० ए४ बी०, म्हणजे साधा र, मग हलन्त आणि त्यापुढे ई२ ८० ८डी. हे शेवटचं चिन्ह डोळ्यांना दिसतच नाही. त्याचं नाव झिरो विड्थ जॉइनर.

आचार्यांना आणि आचाऱ्यांना यातला फरक आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. संगणकात नुसते र, हलन्त, य जोडले की रफार होतो. अर्धचंद्रासारखा र हवा असेल तर दोन वाटा आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरायचं. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून इंग्रजी जे ची कळ दाबली की ते उमटतं. दुसरी वाट म्हणजे र आणि हलन्त यांच्यापुढे तो अदृश्य जॉइनर घालायचा. दिसायला दोन्ही एक, साठवलेले बाइट वेगळे. सरांनी फाइलींना नावं दिली मोबाइलवर आणि पान लिहिलं लॅपटॉपवर इनस्क्रिप्टमध्ये. दोन कीबोर्ड दोन वाटांनी गेले. सरांनी तपासलेलं खरंच बरोबर होतं. डोळ्यांना हा फरक सापडणं शक्यच नाही.

“म्हणजे मराठी नावं द्यायचीच नाहीत का?” सरांच्या आवाजात खट्टूपणा होता आणि तो मला समजत होता. मराठी नाव चालतं. अट एकच, ते एकदाच टाइप करायचं आणि बाकी सगळीकडे तेच कॉपी करून चिकटवायचं. तरीही मी फाइलीचं नाव रोमनमध्ये, स्मॉल अक्षरं, आकडे आणि हायफन एवढ्यावरच ठेवायला सांगतो, कारण मराठी नावाचा पत्ता कुणाला पाठवला तर बऱ्याचदा टक्क्यांची माळच पोचते. मराठीची खरी जागा ऑल्ट मजकुरात, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या फोटोच्या वर्णनात, आणि फोटोखालच्या ओळीत. दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर ऑल्टच वाचून दाखवतो. सरांनी तिथे नुसतं ‘फोटो १’, ‘फोटो २’ लिहिलं होतं. आम्ही लिहिलं, ‘हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना हाताच्या खोबणी’. २७ फोटोंचं असं लिहायला तास गेला, पण त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम तेच.

हात लागलाच होता म्हणून फोटो हलकेही केले. फोनचा ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो चार-पाच एमबीचा भरतो. रुंदी १६०० आणि जेपीजीची क्वालिटी ८० ठेवली, की बहुतेक फोटो अर्ध्या एमबीच्या आत येतात. कोडमधल्या फोटोच्या टॅगमध्ये विड्थ आणि हाइट लिहिली, म्हणजे फोटो येईपर्यंत जागा राखलेली राहते आणि मजकूर उड्या मारत नाही. पहिल्या पडद्याखालच्या फोटोंना ‘लोडिंग लेझी’, म्हणजे वाचक खाली सरकत जवळ आला की मगच ते फोटो उतरतात.

नवी नावं देऊनही सरांना एक फोटो दिसेना. तो कॅशेचा, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा प्रकार होता, कंट्रोल-शिफ्ट-आर दाबल्यावर आला.

निघण्यापूर्वी एडिटरमध्ये ‘पायऱ्या’ शोधून पाहिलं. पानावर तो शब्द सात जागी होता, एडिटरला चारच सापडले. उरलेल्या तिन्हींत तोच जॉइनर होता, कारण ती वाक्यं सरांनी मोबाइलवर लिहून मेलने स्वतःला पाठवली होती. तिन्ही जागी ऱ घातला आणि पान पुन्हा चढवलं.