सायरन वाजला आणि आम्ही गच्चीवर गेलो

7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल ठरलं, तेव्हा महाराष्ट्राच्या यादीत भुसावळचं नाव होतं. का होतं, ते भुसावळकराला सांगावं लागत नाही. रेल्वेचं जंक्शन, दीपनगरचं वीज केंद्र, इथली आणि वरणगावची आयुध निर्माणी, सगळं एवढ्याशा टापूत. त्याच पहाटे ऑपरेशन सिंदूरची बातमी आलेली. माझ्या खानावळीत जेवणारी रेल्वेची मंडळी एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी सभा भरवतात, पण त्या दुपारी सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून गुपचूप जेवले.

संध्याकाळी सायरन कानावर आला आणि आमची अख्खी गल्ली गच्चीवर धावली. मीही धावले, हाताला कणीक तशीच. कोणी व्हिडिओ काढत होतं, कोणी आभाळात बोट दाखवत होतं. खाली फक्त सासूबाई राहिल्या. त्यांनी घरातले दिवे बंद केले, जिन्याखाली पाट टाकला आणि त्यावर बसून राहिल्या. 1971 च्या लढाईत त्यांनी खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले आहेत. मी खाली आले तर म्हणाल्या, "दिवे मालवायचे सोडून वर काय नाचतेस व माय?"

ते मला लागलं. घरात तीन व्यापारी सिलिंडर, रोज चाळीस माणसं जेवायला, आणि संकट आलं तर मी काय करणार, तर गच्चीवर जाऊन बघणार! नागरी संरक्षण दलात स्वयंसेवक घेतात असं कळलं. मी नाव द्यायचं ठरवलं.

अर्जाचं फार सांगत नाही. फोटो, आधार, डॉक्टरांचा दाखला, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. अर्ज एकदा गहाळ झाला, मी पुन्हा भरला. खिडकीतल्या साहेबांनी वयाच्या रकान्यात 44 वाचून विचारलं, "मुलाचं नाव टाकायचंय का?" मी म्हटलं, मुलगा पुण्याला आहे, भुसावळला मी आहे. या सगळ्यात दहा महिने गेले. होळी झाल्यावर एकदाचा फोन आला: पाच दिवसांचा प्राथमिक कोर्स, सकाळी आठ ते पाच. पाच दिवस स्वयंपाक जाऊबाईंवर टाकला. त्याचे टोमणे अजून ऐकते आहे.

आम्ही बत्तीस जण होतो. कॉलेजची पोरं जास्त, चार-पाच रिक्षावाले, एक मेडिकलवाले भाऊ आणि बायका सहा. सरांनी पहिल्याच तासाला विचारलं, "सायरन वाजल्यावर गच्चीवर कोण कोण गेलं होतं?" हळूहळू पंचवीस हात वर झाले. सर हसले नाहीत. वर-खाली होणारा आवाज म्हणजे धोका, एका सुरात सलग वाजणारा म्हणजे धोका टळला, हे दोन्ही आवाज त्यांनी तोंडाने काढून दाखवले. धोक्याचा आवाज आला की काचांपासून लांब, आतल्या भिंतीशी किंवा जिन्याखाली. म्हणजे सासूबाई पहिल्या दिवशीच पास.

मग त्यांनी फळ्यावर आमचा नकाशा काढला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची तुकडी आपल्यासाठी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून निघणार, सात-आठ तास धरा. राज्याचं एसडीआरएफ धुळ्याला आहे, तरी दोन-अडीच तास. "तोवर काय?" सरांनी खडू आमच्याकडे रोखला. "तोवर तुम्ही." 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, 1968 चा नागरी संरक्षण कायदा, त्यात 2009 च्या दुरुस्तीने युद्धासोबत पूर-भूकंपही आले, हे सगळं त्यांनी पंधरा मिनिटांत उरकलं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा 1077 नंबर मात्र प्रत्येकाकडून मोबाइलमध्ये भरून घेतला.

दुसऱ्या दिवशी आग. मैदानात सिलिंडर ठेवून नळीच्या तोंडाशी गॅस पेटवला. फर्रकन आवाज करत हातभर ज्वाळ. अठरा वर्षं सिलिंडरशी संसार केला, पण माझे पाय मागे सरले. सरांनी पोतं बादलीत बुडवलं, निथळू दिलं. वरच्या दोन टोकांची घडी आपल्या मुठींवर घेतली, म्हणजे बोटं आत झाकली जातात. वारा पाठीवर घेतला, पोतं ढालीसारखं धरलं आणि पाऊल घासत घासत पुढे गेले. वरून खाली पोतं टाकलं, ज्वाळ विझली, लगेच हात घालून रेग्युलेटर बंद. माझी पाळी आली तेव्हा मी घाईत वाऱ्याच्या उलट बाजूने गेले. "ताई, थांबा!" सर ओरडले. "आधी धूर कुठे चाललाय ते बघा. धावायला आख्खा जन्म पडलाय." दुसऱ्यांदा जमलं. पोत्यातून उबेचा जो लोट अंगावर आला, तो अजून आठवतो. आग विझवायचा छोटा लाल नळकांडा पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, हेही तिथेच कळलं. मला वाटायचं, तो संपतच नसेल.

छाती दाबायचं, म्हणजे सीपीआर, मला सहज जमेल असा माझा तोरा होता. रोज पाच किलो कणीक मळते. पण कणीक मळताना कोपर वाकतात, इथे कोपर ताठ आणि जोर खांद्यातून. मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, 30 दाब झाले की 2 श्वास. दीड मिनिटात दम निघाला. शेजारचा यावलचा पोरगा म्हणाला, "काकू, सोडा, मी घेतो." दम लागायच्या आत माणूस बदलायचा, हेही शिकवण्यातलंच होतं, पण मला तेव्हा अपमान वाटला.

पाण्याचा दिवस आम्हा तापीकाठच्या लोकांसाठी खास. हतनूर धरणाचे 41 दरवाजे आम्ही लहानपणापासून सहलीला जाऊन मोजलेत. पण आपल्याकडे थेंब नसतानाही ते का उघडतात, हे मला नीट ठाऊक नव्हतं. तापीचं पाणी बैतूल-बऱ्हाणपूरकडून येतं, पूर्णेचं विदर्भातून. दोघी चांगदेवला भेटतात आणि त्यांचा पाऊस आपल्या दारात येतो. बुडणाऱ्याला वाचवायचा क्रम सरांनी पाठ करून घेतला: हात किंवा काठी पुढे करा, नाहीतर दोरी, साडी, पाण्याचा रिकामा जार फेका, मग बोट. पाण्यात उडी सगळ्यात शेवटी, तीही शिकलेल्यानेच. एका रिक्षावाल्याने विचारलं, "आणि पोहता येत असेल तर?"

सर जरा थांबले. मे 2024 मध्ये अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला धुळ्याचं एसडीआरएफ गेलं होतं. बोट उलटली, त्यांचे तीन जवान गेले. "त्यांना पोहता येत होतं," सर एवढंच म्हणाले. त्यानंतर दोरीच्या गाठी शिकवल्या, तेव्हा कोणी मस्करी केली नाही. न आवळणारा फास यावलच्या पोराला एका दमात जमला. बैल बांधणाऱ्या घरातला तो, मी मात्र तीनदा चुकले.

अफवेवर सरांनी वेगळा तास घेतला नाही. त्यांनी फक्त आमच्याच जिल्ह्यातल्या परधाडे स्टेशनचं नाव घेतलं. 22 जानेवारी 2025, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली, साखळी ओढली गेली, लोक भीतीने रुळावर उतरले आणि दुसऱ्या मार्गावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. आग लागलेलीच नव्हती. वर्गात रेल्वेशी नातं नसलेलं एकही घर नसावं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

शेवटच्या दिवशी ड्रिल. शाळेच्या मैदानावर रेल्वे अपघात मांडला होता. निम्मे वाचवणारे, निम्मे जखमी. मला चिठ्ठी मिळाली: "श्वास नाही." दुपारचे बारा, मार्चचं ऊन, खाली तापलेली माती. मी डोळे मिटून पडले. आजूबाजूला पोरं खोटं खोटं विव्हळत होती, एकदोघी तर फारच रंगल्या होत्या.

जखमींची वर्गवारी आम्हाला शिकवली होती. एका माणसामागे अर्धं मिनिट. चालता येणाऱ्याला हिरवी पट्टी, थांबू शकेल त्याला पिवळी, ताबडतोब न्यायचा त्याला लाल. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास सुरू झाला नाही, तर काळी. काळीवाल्यापाशी थांबायचं नाही.

पावलं आली. कपाळावर हात, हनुवटी वर, कान माझ्या तोंडाशी. यावलचाच पोरगा. मी श्वास धरून ठेवला. त्याने चिठ्ठी वाचली, मनगटाला काळी पट्टी बांधली आणि उठला. माझ्यापलीकडे विव्हळणाऱ्या मुलीकडे गेला. मागे वळून पाहिलं नाही. वीस सेकंदही झाली नसतील. मी तशीच उन्हात पडून, सगळे उचलून नेईपर्यंत. खोटं आहे हे माहीत असूनही घशात आवंढा आला. मग मनात आलं, आज रविवार, बट्ट्यांचं पीठ जाऊबाईंनी भिजवलं असेल की नाही.

सरांनी नंतर सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. पोरगा माझ्याकडे बघायला तयार नव्हता. संध्याकाळी त्याला जबरदस्तीने खानावळीत आणला, वरण-बट्टी वाढली. चौथी बट्टी घेताना म्हणाला, "काकू, तुमचा श्वास चालू होता. मला कळलं होतं."

"मग काळी का बांधलीस?"

"चिठ्ठीत तसं लिहिलं होतं ना."

घरी आल्यावर पहिलं काम केलं. कांद्यांचं एक पोतं रिकामं केलं, ओलं केलं आणि सिलिंडरजवळ खिळ्याला टांगलं. सासूबाई म्हणाल्या, कुबट वास येतो. वासाचा प्रश्न भुसावळच्या हवेनेच सोडवला, सकाळपर्यंत पोतं पापडासारखं वाळलं होतं. म्हणून आता खाली पाण्याची भरलेली बादली ठेवते, पोतं तिच्या काठावर. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे त्या बादलीवर सगळ्यांचा डोळा. काल जाऊबाईंनी तिच्यातच तांदूळ धुतले.