वैशाखात दक्षिणेकडे बघा

मे महिन्यात गावी मालवणला गेले की जेवणं आटोपून मी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर जाते. कातळ अजून गरम असतो, पण दक्षिणेकडे ना झाड, ना दिवा. अमावास्येच्या आसपास गेलात तर उत्तमच.

आधी हस्त नक्षत्राचा चौकोन शोधा, चित्रेच्या जवळच असतो. तिथून सरळ खाली क्षितिजाकडे या. साडेनऊ-दहाच्या सुमारास तिथे त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांचा क्रूस, उभा दिसतो. मालवणहून तो क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो, मुंबईहून आणखी खाली. त्याचा वरचा तारा तांबूस आहे, नीट बघा.

डावीकडचे दोन ठळक तारे म्हणजे मित्रक आणि मित्र. मित्र आपल्यापासून ४.३७ प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी! तो उंच यायला मध्यरात्र होते. थांबाच.

माझा खरा जीव मात्र ओमेगा सेंटॉरी या ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छावर. नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपका, दुर्बिणीतून गोल धुकट गोळा. त्यात सुमारे १ कोटी तारे आहेत, हे माझ्या भाचीला सांगितलं तेव्हा तिने दुर्बीण परत द्यायलाच नकार दिला.

जूनमध्ये ढग येतात. म्हणून याच महिन्यात जा.