तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा जहाजाला दोरे कशाला बांधायचे?

शिडाच्या जुन्या लढाऊ जहाजांची छोटी मॉडेल्स मी बनवते, टेबलावर युद्धाचा गेम खेळायला. ती बघितली की लोक आधी "वा" म्हणतात आणि मग लगेच हा प्रश्न येतो. बोटाएवढं जहाज, त्यावर केसाएवढे दोरे, ते लावायला डोळे फोडून घ्यायचे, आणि शेवटी टेबलावर खेळायचंच आहे ना, मग दोरे असले काय नि नसले काय, फासे तेच पडणार! नवीन खेळणारेही विचारतात, फक्त जरा काकुळतीला येऊन, कारण त्यांनी कुठेतरी पूर्ण रिगिंग केलेल्या, म्हणजे सगळे दोरे लावलेल्या जहाजाचा फोटो बघितलेला असतो आणि आता आपल्यालाही हे करावं लागणार की काय या भीतीने त्यांचं पहिलं जहाज डब्यातच पडून असतं.

फासे तेच पडतात हे एकदम मान्य. कुठल्याही रूल्समध्ये दोऱ्यांचा एक पॉइंट जास्त मिळत नाही. तरी मी लावते, आणि शोभेसाठी नाही लावत, निदान फक्त शोभेसाठी नाही. दोरे बघितल्याशिवाय हे जहाज चालतं कसं आणि मरतं कसं हेच कळत नाही असं माझं मत आहे.

म्हणजे बघा, शिडाच्या लढाऊ जहाजांचा गेम हा आधी वाऱ्याचा गेम आहे, तोफा नंतर. आडव्या शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर साधारण ६७ अंशांपेक्षा जवळ जाऊच शकत नाही, जुन्या होकायंत्राच्या भाषेत सहा पॉइंट. दोन्ही बाजूंचे मिळून धरले तर ३६० पैकी जवळपास १३५ अंश तुमच्यासाठी बंद. शत्रू तिकडे उभा राहून वाकुल्या दाखवत असला तरी सरळ त्याच्याकडे जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं, आणि वाऱ्यातून नाक फिरवताना वेग कमी पडला तर जहाज मध्येच अडकतं, शिडं उलटी फुगतात आणि मागे मागे जायला लागतं, तेही नेमकं शत्रूची ब्रॉडसाइड, म्हणजे एका बाजूच्या सगळ्या तोफा, तयार असताना. वाऱ्याच्या वरच्या बाजूला असलेला कधी भिडायचं ते ठरवतो, खालच्या बाजूचा पळून जाऊ शकतो. पण वारा जोराचा असेल तर वरच्या बाजूवाल्याचं जहाज शत्रूच्याच दिशेला कलतं आणि खालच्या डेकच्या तोफांच्या खिडक्या पाण्यात जाऊ नयेत म्हणून बंद ठेवाव्या लागतात, म्हणजे सगळ्यात जड तोफा ऐन वेळी मुक्या! असे फायदे-तोटे असल्यामुळेच मला रणगाड्यांच्या गेममध्ये कधी एवढी मजा आली नाही.

आणि वारा वापरायचा म्हणजे काय, तर दोरे ओढायचे. शिडाची आडवी काठी या बाजूला फिरवायची की त्या, हे ब्रेस नावाचे दोर ठरवतात. मॉडेलवर त्या काठ्या कशा कोनात चिकटवल्यात आणि ब्रेस कुठून कुठे गेलेत हे दिसलं की नवीन खेळणाऱ्याला चार्ट न उघडता कळतं की हे जहाज वारा कुठून घेतंय. मी नवीन माणसाला रूल्स शिकवायच्या आधी जहाज हातात देते ते म्हणून. (बेस धरून. दोरे धरून उचलणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेगळे शब्द आहेत, ते इथे नको.)

आता मरण्याचं. डोलकाठी नुसती खाली रोवलेली असते म्हणून उभी राहत नाही, तंबूच्या खांबासारखी ती चारी बाजूंनी ताणलेली असते. बाजूचे जाळीसारखे दोर म्हणजे श्राउड, मागचे बॅकस्टे, पुढचे स्टे. पुढच्या डोलकाठीचे स्टे नाकासमोरच्या तिरक्या काठीला, म्हणजे बोस्प्रिटला बांधलेले, आणि मधल्या डोलकाठीचे स्टे पुढच्या डोलकाठीच्या बाजूला येतात. म्हणजे एकीचा भार दुसरीवर. १९ ऑगस्ट १८१२ ला अमेरिकन फ्रिगेट कॉन्स्टिट्यूशन आणि ब्रिटिश फ्रिगेट गेरिअर भिडली तेव्हा हेच झालं. आधी गेरिअरची मागची डोलकाठी पडली आणि पाण्यात लोंबकळत राहिली, त्या ओढीने जहाज भलतीकडेच वळायला लागलं, मग तिचा बोस्प्रिट कॉन्स्टिट्यूशनच्या दोरांत अडकला, आणि तो सुटला तेव्हा पुढची डोलकाठी कोसळली ती मधलीला घेऊनच. तिन्ही गेल्या. नुसता लाकडी हल, म्हणजे जहाजाचं धड उरलं, लाटांवर लोळणारं, आणि कॅप्टनला शरण यावं लागलं. हे वाचून "हो का" म्हणता येतं, पण मॉडेलवर स्वतः बोस्प्रिटपासून पुढच्या डोलकाठीला दोरा ताणला की मग ते बोटांना कळतं.

आणखी एक. रूल्समध्ये बहुतेक वेळा गोळीबाराआधी विचारतात की उंच मारणार की खाली, शिडांवर की हलवर. नवीन माणूस कायम हलवर मारतो, कारण बुडवायचंय ना! पण लाकडी जहाजं तोफगोळ्यांनी सहसा बुडत नाहीत, शरण येतात किंवा जळतात. ब्रिटिशांचा कल हलवर मारण्याकडे असायचा आणि फ्रेंचांचा डोलकाठ्या-दोरांवर, आणि लोक फ्रेंचांना त्यावरून हसतात. मला ते हसणं पटत नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, ५ सप्टेंबर १७८१ ला, चेसापीक उपसागराच्या तोंडाशी १९ ब्रिटिश आणि २४ फ्रेंच जहाजं लढली, त्या दिवशी कुणाचंही जहाज बुडालं नाही की पकडलं गेलं नाही. पण ब्रिटिशांच्या पुढच्या जहाजांची इतकी मोडतोड झाली की ते पुन्हा भिडूच शकले नाहीत, उपसागर फ्रेंचांच्या हातात राहिला, यॉर्कटाऊनला अडकलेल्या ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसची समुद्राकडून येणारी मदत तुटली आणि १९ ऑक्टोबरला त्याने शरणागती पत्करली. शत्रूला फक्त अडवायचंय, तर त्याचे दोर तोडा, बस्स.

हे सगळं सांगून झाल्यावर आता उलट बोलते, कारण "सगळे दोरे लावा" असं मी म्हणतच नाहीये.

ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनचं व्हिक्टरी हे जहाज पूर्ण लांबीला साधारण ६९ मीटर, १:१२०० स्केलला ते जेमतेम पावणेसहा सेंटिमीटर होतं. समजा खऱ्या जहाजावर एक दोर चांगला १० सेंटिमीटर जाड आहे, तर मॉडेलवर तो ०.०८ मिलिमीटर, साधारण केसाएवढा. तो सगळ्यात जाडातला झाला! हाताने ओढायचे नेहमीचे दोर या स्केलला दिसायलाच नकोत. म्हणजे आपण लावतो तो जवळजवळ प्रत्येक दोरा स्केलच्या हिशोबाने खोटा, जाडच असतो, आणि असे शंभर खोटे दोरे लावले की जहाज कोळिष्टकात सापडल्यागत दिसतं. खरं कौशल्य कुठले गाळायचे यात आहे. माझा क्रम असा की श्राउड हवेतच, ते नसले की जहाज खेळण्यातलं वाटतं. मग पुढचे स्टे, मग बॅकस्टे, आणि उत्साह उरला असेल तर ब्रेस. शिडं गुंडाळायचे, वर ओढायचे बाकीचे दोर विसरून जा, कुणी विचारत नाही.

श्राउडना आयतं मिळतं ते घ्या, पारदर्शक फिल्मवर छापलेलं किंवा पितळी पत्र्याचं, जाळी विणत बसू नका. पण फिल्मला सुपरग्लू लावताना जपून, त्याच्या वाफेने ती धुरकट पांढरी होते, अगदी कणभर ग्लू सुईच्या टोकाने लावायचा किंवा सरळ दुसरा गोंद वापरायचा. दोऱ्यांसाठी मला ताणला जाणारा इलॅस्टिक धागा आवडतो, सैल पडत नाही, आणि कुणाचं बोट लागलं तरी परत जागेवर येतो, खेळायच्या जहाजाला तो गुण सगळ्यात मोठा. साधा शिवणाचा धागा वापरायचाच असेल तर मेणावरून ओढून घ्या नाहीतर त्याची लव उठून दिसते. आतून बाहेर आणि खालून वर जायचं, म्हणजे आधी लावलेल्यात हात अडकत नाही. रंग काळाकुट्ट नको. डांबर लावलेले दोर खरे काळेच असायचे, पण या आकाराला काळा डोळ्यात टोचतो, गडद तपकिरी करडा बरा. पेंट सगळा आधी, दोरे सगळ्यात शेवटी.

पेंटवरून आठवलं, ते पिवळे-काळे पट्टे आणि काळ्या खिडक्या, चौकड्यासारखं दिसणारं, ते नेल्सनच्या शेवटच्या वर्षांतलं, १८०० च्या आसपासचं आहे हो. १७८१ च्या जहाजांनाही लोक तेच फासतात आणि मग माझा जीव जळतो. पण हा वेगळा विषय झाला.

स्केलचंही थोडक्यात. १:७०० ला जहाज मोठं, तिथे जास्त दोरे शोभतात. १:२४०० ला मी एकही लावत नाही आणि कुणी लावत असेल तर त्याला साष्टांग नमस्कार. मोठे ताफे खेळायचे असतील तर मात्र तेच स्केल बरं, कारण १:१२०० ला १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईतली २७ मोठी ब्रिटिश जहाजं एका रांगेत, मध्ये दोनेकशे मीटर सोडून खऱ्या अंतराने मांडली तर रांग पाच मीटरच्या वर जाते, तेवढं टेबल कुणाकडे असतं? म्हणून बहुतेक लोक जहाजाचं स्केल एक आणि अंतराचं दुसरंच धरतात, आणि त्यावर भांडतात.

"पण हे शेवटी खेळणंच ना" असंही कुणीतरी म्हणतंच. अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जॉन क्लार्क ऑफ एल्डिन नावाचा गृहस्थ होता, नौदलात कधी नव्हता, तो छोटी छोटी जहाजं टेबलावर मांडून शत्रूची रांग कशी तोडायची याचा विचार करत बसायचा आणि त्याचं लिखाण पुढे खुद्द नौदलातल्या लोकांनी वाचलं. त्याने दोरे लावले होते की नाही हे मला विचारू नका.

तर पहिलं जहाज करताना शंभर तोफांच्या तीन मजली धुडाच्या वाटेला जाऊ नका, ७४ तोफांचं घ्या. ट्रफाल्गरच्या त्या २७ पैकी १६ जहाजं ७४ तोफांचीच होती, त्यामुळे ते कुठल्याही गेममध्ये कामाला येतं. त्याला श्राउड लावा, पुढचे स्टे ताणा आणि तेवढ्यावर खेळायला काढा, ब्रेस लावायचेच असतील तर दोन-चार गेमनंतरही लावता येतात.