झोप, जाग आणि ड्रायव्हर : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत आमचं काम सुरू झालं ते कारखान्यातल्या पॅनेलांच्या लिनक्स बोर्डांसाठी ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरचा एकेक भाग चालवणारे प्रोग्राम, लिहिण्यापासून. स्क्रीन, टच, सीरियल पोर्ट, कॅन (गाड्यांतले आणि यंत्रांतले भाग एकमेकांशी बोलतात ती जोडणी). ते बोर्ड चोवीस तास चालू असायचे, त्यामुळे सस्पेंडचा, म्हणजे वीज वाचवायला बोर्ड झोपवण्याचा, प्रश्नच नव्हता. पुढे बॅटरीवरची हातातली उपकरणं आली, चाकणच्या गाड्यांसाठीचे डिस्प्ले आले. गाडी बंद असताना बोर्डाने किती मिलिअँपिअर करंट घ्यायचा, हे आता करारातच लिहून यायला लागलं. तेव्हापासून सस्पेंड-रिझ्यूम, म्हणजे झोपवणं आणि परत उठवणं, हेच आमचं मुख्य काम झालं आहे.

तक्रार बहुतेक वेळा दोन शब्दांत येते: उठत नाही. पण बोर्ड झोपायलाच तयार नसतो, झोपता झोपता अडकतो, जाग आणणारा सिग्नल त्याच्यापर्यंत पोचत नाही किंवा उठतो पण टच मेलेला असतो. चारही दोषांची मुळं वेगळी. म्हणून ड्रायव्हरचा कोड उघडण्याआधी टप्पा शोधायचा, हा आमच्याकडचा पहिला नियम.

कर्नल (लिनक्सचा गाभा) पीएम-डीबग हा पर्याय चालू करून बांधला की सिस-पॉवर फोल्डरात पीएम-टेस्ट ही फाइल मिळते. तिच्यात फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर या क्रमाने एकेक शब्द लिहायचा आणि दर वेळी नेहमीसारखा सस्पेंड द्यायचा. बोर्ड तेवढ्याच टप्प्यापर्यंत जातो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो. डिव्हायसेसला अडकला तर संशय ड्रायव्हरवर. कोअरपर्यंत सुरळीत आणि खऱ्या झोपेतून मात्र परत येत नसेल, तर बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम), फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) आणि मेमरीच्या सेल्फ-रिफ्रेशकडे (झोपेत मेमरीने स्वतःच डेटा टिकवण्याकडे) वळायचं.

सोबत बूटच्या ओळीत नो-कन्सोल-सस्पेंड आणि इनिटकॉल-डीबग टाकतो. सीरियल कन्सोल उशिरापर्यंत बोलत राहतो आणि प्रत्येक कॉलबॅक (झोपवताना-उठवताना कर्नल बोलावतो ते ड्रायव्हरचं फंक्शन) कधी सुरू झाला, किती वेळात परतला ते दिसतं. एरवी अनेक ड्रायव्हर एकाच वेळी झोपवले जातात, त्यामुळे लॉग गुंतागुंतीचा होतो. पीएम-असिंकमध्ये शून्य लिहिलं की ते रांगेत येतात. लॅपटॉपला सीरियल नसेल तर पीएम-ट्रेस वापरतो. शेवटच्या टप्प्याची खूण आरटीसीच्या, म्हणजे मशीन बंद असतानाही चालणाऱ्या, घड्याळात लिहिली जाते, म्हणून मशीन अडकल्यावर तीन मिनिटांच्या आत रीसेट करून डीमेसेज (कर्नलचा लॉग) वाचायचा. घड्याळाची वेळ मात्र बिघडते, ती नंतर लावून घ्यावी लागते.

सर्वांत त्रासदायक दोष म्हणजे क्लॉक (चिपमधल्या ब्लॉकला चालवणारे ठोके) बंद झाल्यावर आलेला इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक). त्या हाकेला उत्तर देणारा हँडलर उपकरणाचा रजिस्टर वाचायला जातो, त्या ब्लॉकला क्लॉकच नसतो, आणि काही आर्म चिपवर अख्खी बस (चिपमधले भाग जोडणारा मार्ग) गोठते. लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. आधी उपकरणाचा इंटरप्ट बंद करायचा, चालू असलेला हँडलर संपू द्यायचा, डिलेड वर्क (ड्रायव्हरने नंतरसाठी ठेवलेलं काम) सिंक पद्धतीने, म्हणजे ते पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहून, रद्द करायचं आणि मगच क्लॉकला हात लावायचा. हा क्रम कोडमध्ये उलटा आढळतो आणि शंभरात एखाद्या वेळीच फसतो, म्हणूनच चाचणीतून निसटतो.

दुसरा दोष ड्रायव्हरचा वाटतो, पण असतो पिनांचा. टच चिपचा पुरवठा तोडला, तरी प्रोसेसरची एखादी पिन हायच राहिली, तर करंट चिपच्या संरक्षक डायोडमधून आत शिरतो. चिप धड बंद होत नाही, मग रीसेटलाही दाद देत नाही. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) पिनांची स्लीप अवस्था लिहिली की बहुधा सुटतं. याच कारणामुळे करंट मोजल्याशिवाय आम्ही अहवाल देत नाही. 0.1 ओहमचा शंट (करंट मोजण्यासाठी वाटेत घालायचा छोटा रेझिस्टर) लावला तर 10 मिलिअँपिअरला 1 मिलिव्होल्ट मिळतो. त्याहून कमी करंटसाठी मोठा शंट लागतो, पण जागं होतानाच्या झटक्यात व्होल्टेज पडणार नाही हे पाहून.

वाय-फायचं फर्मवेअर ही वेगळी डोकेदुखी. पुरवठा तुटला की चिप ते विसरते, आणि रिझ्यूमच्या वेळी स्टोरेजच जागं नसेल तर ते आणायचं कुठून? झोपण्याआधीच ते मेमरीत धरून ठेवावं लागतं.

शेवटची चाचणी रात्रभर चालते. आरटीसीच्या गजराने उठवणाऱ्या आरटीसी-वेकने झोपवणं-उठवणं, पण ठरावीक अंतराने कधीच नाही. झोपेचा वेळ दर फेरीत बदलतो, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या साध्या रिले मॉड्यूलने इग्निशनची लाइन मध्येच हलवतो, म्हणजे झोपायला निघालेल्या बोर्डालाच जाग येते. प्रत्येक फेरीनंतर टचचा रजिस्टर वाचतो, इथरनेटची लिंक पाहतो आणि सस्पेंड-स्टॅट्समधला (कर्नल ठेवतो त्या सस्पेंडच्या नोंदींमधला) फेलचा आकडा व शेवटी अडकलेल्या डिव्हाइसचं नाव नोंदवतो.

नवीन काम पाठवताना दोन बोर्ड, सर्किट आकृती, कर्नलचं कॉन्फिग आणि डिव्हाइस ट्री एकत्र द्यावं. सीरियलच्या पिना बाहेर काढलेल्या असाव्यात. नसतील तर त्या सोल्डर करण्यापासूनच आमचं काम सुरू होतं.