ट्रंकेतला पेपर

आज नौपाड्यात आईकडे माळा आवरायला गेले. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला पेपर निघाला, १२ डिसेंबर २०१३ चा. आदल्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं होतं. २००९ साली दिल्ली हायकोर्टाने दिलेली मोकळीक गेली. डांबरगोळ्यांचा वास, झुरळांनी कुरतडलेला कोपरा, आणि मी स्टुलावर बसून वाचतेय.

बातमीत बाजू दोनच. एक संस्कृतीची, दुसरी हक्कांची, जणू शाळेतली वादविवाद स्पर्धा! चौकटीत वकील, डॉक्टर, महाराज, सगळ्यांची मतं. ज्यांना त्या कलमाखाली जन्मठेपही होऊ शकत होती, ते फक्त फोटोत. तेही पाठमोरे. आणि संस्कृती कसली? कलम १८६० चं, साहेबाच्या दंडसंहितेतलं. एवढी एक ओळ कुठेच नाही.

तेव्हा मीही हेच वाचून चहा संपवला असणार. काही खटकल्याचं आठवत नाही.

आई खालून ओरडली, "काय एवढं वाचतेस?" सांगितलं. "ते रद्द झालं ना मागेच?" झालं, सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं, ६ सप्टेंबर २०१८ ला, पाचही न्यायमूर्तींचं एकमत.

पेपर घडी करून पर्समध्ये टाकला. "झुरळांची अंडी घरी नेऊ नकोस," म्हणाली.