पिन गन घेताय? आधी ट्रिगर बघा

हल्ली अधूनमधून कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, दादा पिन गन घ्यायचीय, कुठली घेऊ. पिन गन म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेच्या दाबाने लाकडात बारीक पिना ठोकणारी गन. लॉकडाऊनपासून घरी सुतारकाम करायचं वेड लागलेली बरीच मंडळी आहेत आपल्या पुण्यात, टेरेसवर नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात टेबल टाकून काहीतरी ठोकत बसलेली, आणि मला आवडतं ते. बोहरी आळीत जायचं, घासाघीस करून छोटा कॉम्प्रेसर आणि एफ-३० मॉडेलची पिन गन उचलायची की रविवारी शू-रॅक सुरू. पण विचारतात काय, तर कंपनी कुठली, किती एमएमपर्यंत पिन बसते, वॉरंटी आहे का. ट्रिगर कसला आहे हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी इंटिरियरची कामं घेतो, दिवसभर कानाशी या गना वाजत असतात, त्यामुळे मला तरी तोच पहिला प्रश्न वाटतो.

बहुतेक गनांच्या तोंडाशी एक आतबाहेर सरकणारं नाक असतं, ते लाकडावर दाबलं गेलं तरच पिन सुटते, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढची भानगड अशी की काही गनांमध्ये आधी नाक दाबायचं, मग ट्रिगर ओढायचा, पिन सुटली की ट्रिगर सोडून द्यायचा, गन उचलायची आणि मग पुढची पिन. हा सिक्वेन्शियल ट्रिगर. दुसऱ्या प्रकारात ट्रिगर एकदा दाबून धरला की नाक जिथे जिथे टेकेल तिथे पिन, शिवणयंत्रासारखं टकटकटक. याला बंप फायर म्हणतात. काम झपाट्याने उरकतं म्हणून कारागिरांना हीच लाडकी. पण गन वाजली की हाताला मागे झटका बसतो, त्या झटक्यात नाक परत कुठेतरी टेकतं, बोट ट्रिगरवर असतंच, आणि तुम्ही न मारलेली दुसरी पिन बाहेर. शिडीवरून उतरताना ट्रिगरवर बोट तसंच राहिलं आणि गन मांडीला घासली तरी तेच, गनला काय माहीत समोर प्लाय आहे का मांडी.

आकडे अमेरिकेचे सांगतो, कारण तिकडे अख्खी घरंच लाकडाची उभी करतात, गना मोठ्या, खिळे तीन-साडेतीन इंची, आणि ते लोक नोंदी नीट ठेवतात. तिथल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्यांनी, ओशा आणि नायॉशने, २०११ साली नेल गनवर, म्हणजे खिळे मारणाऱ्या गनवर, एक पुस्तिका काढली, त्यात वर्षाला साधारण ३७,००० लोक या गनच्या जखमा घेऊन इमर्जन्सीत जातात असं दिलंय. निम्म्याहून जास्त जखमा हाताला आणि बोटांना. बंपवाल्या गनने लागण्याचा धोका पूर्ण सिक्वेन्शियलच्या साधारण दुप्पट. आणि १९९१ ते २००५ या काळात तिकडे घरगुती वापर करणाऱ्यांच्या जखमा तिप्पट झाल्या होत्या, गना आणि कॉम्प्रेसर स्वस्त होऊन कोणालाही मिळायला लागले तो हा काळ. आपण आत्ता तिथेच येऊन पोचलोय असं मला वाटतं, फक्त आपल्याकडे कोणी मोजत नाहीये.

आता म्हणाल आमची गन छोटी, १८ गेजची बारीक पिन, तिने काय होणार. बाणेरच्या एका फ्लॅटचं काम चालू होतं, आमचा एक मिस्त्री, जोधपूरकडचा, हात एकदम तयार, ड्रॉवरच्या कडेला बीडिंग पट्टी मारत होता. डाव्या हाताने पट्टी दाबून धरलेली, उजव्या हातात गन. प्लायच्या आत कुठेतरी पिनला कडक लागलं, आधीची पिन असेल नाहीतर गाठ, आणि ही पिन सरळ न जाता आतल्या आत वळली, कडेतून बाहेर आली ती थेट तर्जनीच्या पेरात. रक्त जवळजवळ नाहीच. बोट आणि पट्टी एकमेकांना ठोकलेले. तो ओरडलासुद्धा नाही, नुसतं "अरे" म्हणाला आणि बोटाकडे बघत बसला. हेल्पर लगेच पक्कड घेऊन धावला ओढायला, त्याला आधी थांबवलं. हॅक्सॉच्या पात्याने पट्टी दोन्हीकडून कापली आणि तो तुकडा बोटाला तसाच ठेवून गाडीत घातलं. एक्सरेत दिसलं की पिन हाडात गेलेली.

तर पिन किंवा खिळा आत असेल तर ओढायचा नाही. तो वळलेला असू शकतो, पिना-खिळे ज्या डिंकाने नाहीतर तारेने एकमेकांना जोडलेले येतात त्याचे बारीक तुकडे त्याला चिकटलेले असतात, ते आत राहतात आणि मग पिकतं. नस, शिरा, हाड, कशातून गेलाय ते वरून कळत नाही. एक्सरे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, यातून सुटका नाही, भोक कितीही छोटं दिसूदे. २०१२ मध्ये शिकागोजवळच्या एका माणसाला वाटलं होतं की गन डोक्याला नुसती घासून गेली, तो काम करत राहिला, दुसऱ्या दिवशी मळमळायला लागलं म्हणून दवाखान्यात गेला तर मेंदूत सव्वातीन इंची खिळा. वाचला बिचारा.

बाणेरच्या त्या प्रकारापासून मी दोन गोष्टींवर हटून बसतो. डावा हात पिनच्या लांबीपेक्षा भरपूर लांब, पुस्तिकेत फूटभर म्हटलंय, आणि पट्टी छोटी असेल तर क्लॅम्प लाव, हात नको. दुसरं म्हणजे गन पट्टीच्या लांबीला काटकोनात धरायची. पिनचं टोक छिन्नीसारखं चपटं असतं, त्यामुळे ती वळलीच तर बहुतेक गनच्या डावी-उजवीकडे वळते, म्हणजे गन अशी धरली की पिन पट्टीच्या लांबीतच कुठेतरी जिरते, कडेतून बाहेर येत नाही. फुकटची युक्ती आहे, जुन्या कारागिरांना सवयीने जमते, नव्या पोरांना सांगावी लागते.

आणि ते नाक तारेने नाहीतर रबरबँडने मागे बांधून ठेवणारे महाभाग! कारण काय तर लॅमिनेटवर डाग पडतो. अरे मग नाकाला रबराची टोपी लाव की. कुछ नहीं होता सेठ, हे उत्तर ऐकून ऐकून माझे कान किटले. काही स्वस्त गनांना तर नाक मुळातच नसतं, ट्रिगर दाबला की हवेतसुद्धा पिन सुटते, अशी गन घरात लहान मुलं असतील तर घेऊच नका. पिन अडकली की आधी हवेचा पाइप काढायचा मग गन उघडायची, पाइप लावून ठेवून पिन उकरणारे लोक मी बघितलेत. संध्याकाळी घरी जाताना त्याच ७०-८० पीएसआयच्या हवेने अंगावरचा, केसांतला भुसा उडवतात तेही बंद करा, एवढ्या दाबाची हवा डोळ्यात, कानात किंवा जखमेतून कातडीखाली गेली तर भुसा परवडला.

सिलिंगवाल्यांची लांब नळीची गन वेगळीच चीज, तिच्या खिळ्यातच बारूद असते. ती काँक्रीटच्या स्लॅबसाठी आहे, आणि आपल्या नव्या बिल्डिंगांमध्ये आतल्या भिंती असतात सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या. मऊ ब्लॉकमध्ये असला खिळा आरपार जाऊ शकतो आणि पलीकडच्या खोलीत पेंटर उभा असतो. खिळा उडाला नाही तर गन लगेच खाली घेऊन बघत बसू नका, अर्धा मिनिट तशीच दाबून धरा, बारूद उशिरा पेटू शकते.

एवढं गनबद्दल लिहिलं तरी खरं सांगायचं तर बोटं जातात ती गनने नाही, मार्बल कटरने. दगड कापायचं मशीन, प्लायला भोक पाडून खालून उलटं बसवायचं, दातेरी चकती लावायची, झाला टेबल सॉ. गार्ड काढलेला, बटण दोरीने बांधून कायम चालू, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे. पुण्यातल्या कुठल्याही साइटवर जा, दिसेल. ग्राइंडरचंही तेच, ४ इंची ग्राइंडरचा गार्ड काढून ५ इंची चकती चढवतात, छोटं मशीन जास्त जोरात फिरतं आणि चकतीवर जास्तीत जास्त किती आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते छापलेलं असतं पण वाचतो कोण. कटिंगच्या त्या काळ्या चकत्यांवर एक्सपायरीची तारीखपण असते, मधल्या धातूच्या रिंगवर बघा. खंडेनवमीला मात्र याच कटरला झेंडूचा हार आणि हळदकुंकू. हौशी लोकांची वेगळी तऱ्हा, ते सेफ्टी म्हणून कापडी हातमोजे घालून ड्रिल नाहीतर टेबल सॉवर काम करतात. फिरत्या मशीनवर हातमोजा नको, धागा अडकला की बोटासकट ओढला जातो. गॉगल मात्र हवाच, आणि तो कपाळावर नाही, डोळ्यांवर.

बोट तुटलंच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेला तुकडा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवायचा, ओल्या पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची. तुकडा थेट बर्फात ठेवला तर गोठून वाया जातो, पाण्यात बुडवला तरी वाया. १०८ लावा नाहीतर मिळेल ती गाडी पकडा, पण निघतानाच हॉस्पिटलला फोन करून विचारा की बोट जोडणारा प्लास्टिक सर्जन आत्ता आहे का, नाहीतर तिथे पोचून परत दुसरीकडे पाठवतात आणि वेळ त्यातच जातो. नवीन साइट सुरू झाली की जवळ बर्फ कुठे मिळतो, रसवंती, ज्यूस सेंटर, मटणाचं दुकान, हे मी आधीच बघून ठेवतो. पोरं हसतात माझ्यावर, हसूदेत.